लेप, मलम आणि लासलगावचा कांदा

चैत्र-वैशाखात उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात असताना लासलगावच्या बाजार आवारात ज्याने एखादी सकाळ काढली असेल, त्याच्या स्मरणात ट्रॅक्टरांच्या रांगा आणि लिलावाचा पुकारा जितका राहतो, तितकाच पायांखाली पसरलेला तो तांबूस, पातळ, वाऱ्याच्या झुळकेसरशी उडणारा पापुद्र्यांचा थरही राहतो. कांद्याचा भाव जाणून घेण्यासाठी सारा देश लासलगावाकडे पाहतो. त्या पापुद्र्यांकडे मात्र झाडूवाल्याखेरीज कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय बाजारभाव नव्हे. कांदा माणसाच्या मुखी लागतो तसा तो त्याच्या त्वचेलाही लागत आला आहे, आणि त्वचेवर औषध पोहोचविण्याची जी विद्या लेपापासून जेलपर्यंत दोन हजार वर्षे घडत गेली, तिचा इतिहास या गावाच्या अंगणातून पाहू गेल्यास तो अधिक स्पष्ट दिसतो, अशी माझी धारणा आहे.

निफाड तालुक्यातील हे गाव एके काळी लहानशी पेठच होते. दक्षिणेस विंचूरकर सरदारांचे विंचूर, उत्तरेस होळकरांच्या रंगमहालाचे चांदवड, अशा दोन मातब्बर ठिकाणांच्या मध्ये वसलेल्या या पेठेचे दैव पालटले ते आगगाडीमुळे. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला, मुंबई आणि खानदेश एकमेकांस जोडले गेले, आणि मार्गावरील स्थानकांभोवतीच्या गावांचा शेतमाल मुंबईच्या दारात जाऊन पडू लागला. पुढे १ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्यास साडेचार महिने उरले असताना, येथे कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. आणि २०१६ साली लासलगावच्या कांद्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. व्यापाराची ही कथा सर्वश्रुत असल्याने तिच्यावर अधिक रेंगाळण्याचे प्रयोजन नाही.

घरातील कथा मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाही. आमच्या लहानपणी गळू झाले म्हणजे आजी चुलीतल्या निखाऱ्यावर अख्खा कांदा ठेवी; बाहेरची टरफले करपून आतला गर मऊ झाला की तो ठेचून त्यात हळद आणि बोटभर तूप घाली, कोमट असतानाच तो गोळा जुनेराच्या चिंधीवर पसरी आणि गळवावर बांधी. यास ती पोटीस म्हणे. हा शब्द इंग्रजांच्या इस्पितळांतून आला, वस्तू मात्र त्याच्या कितीतरी पूर्वीची. जवसाचे पोटीस, कणकेचे पोटीस, कडुनिंबाच्या पाल्याचे पोटीस, असे तिचे प्रकार घरोघर होते. परंतु कांद्याच्या मुलखात कांद्याचे पोटीस अग्रस्थानी असावे हे स्वाभाविकच होते. ऊन लागले तर तळपायांना कांद्याचा रस चोळणे, उन्हात निघताना खिशात कांदा ठेवणे, हेही त्याच वहिवाटीतले.

आता या कृतीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. कुणास विचारले तर तो सांगेल की गळवावर कांद्याचे औषध केले. पण कांदा नुसता बांधला असता तर त्याचा रस चिंधीत शोषला गेला असता, उरलेला चोथा घटकाभरात वाळून त्वचेला टोचला असता, आणि कच्च्या कांद्याने कातडीची आग होते ती निराळीच. तुपाने तो गोळा वाळू दिला नाही. भाजण्याने त्याचा उग्रपणा मोडला. उष्णतेने त्या जागी रक्त खेळते झाले. चिंधीने सारे जागेवर धरून ठेवले. म्हणजे औषध जर कांदा, तर त्याला त्वचेवर टिकवून हळूहळू सोडणारी जी योजना, ती तूप, ऊब आणि चिंधी यांची होती. औषधशास्त्रात या योजनेला आधारद्रव्य म्हणतात. औषधाचे नाव सर्वांच्या तोंडी राहते, आधारद्रव्याचे कोणाच्याच राहत नाही. आणि तरीही त्वचेवरील औषधाचा इतिहास हा पुष्कळ अंशी आधारद्रव्याचाच इतिहास आहे.

ही गोष्ट आपल्या प्राचीन वैद्यांना पूर्णपणे ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अठरावा अध्याय व्रणावरील लेपांना आणि बंधनांना वाहिलेला आहे, आणि त्यात औषधांच्या नावांहून लेपाच्या घडणीचा विचार अधिक दिसतो. लेपाचे तेथे तीन प्रकार मानले आहेत: पातळ व थंड तो प्रलेप, जाड तो प्रदेह, आणि दोहोंच्या मधला तो आलेप. लेपाची जाडी ओल्या म्हशीच्या कातड्याएवढी असावी. तो वाळू लागताच काढावा, कारण वाळलेला लेप निरुपयोगी तर होतोच, शिवाय पीडाही देतो. एकदा लावून काढलेला लेप पुन्हा लावू नये. लेपावर लेप चढवू नये, असे नियम तेथे घालून दिले आहेत. स्नेहाचे प्रमाणही दोषपरत्वे ठरविलेले आहे: पित्तात सहावा भाग, वातात चौथा, कफात आठवा. आणि सर्वांत विलक्षण नियम असा की, लेप केसांच्या वाढीच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे तो नीट बसतो आणि रोमकूपांतून व स्वेदवाही मार्गांतून आत शिरतो. आज त्वचाविज्ञान औषधाच्या प्रवेशाचे जे मार्ग सांगते, त्यांत केसांच्या मुळांचा मार्ग हा एक मानलेला आहे. त्यावरून प्राचीनांना सारे ज्ञात होते असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु लेप लावणारा हात डोळे उघडे ठेवून लावीत होता, एवढे निश्चित म्हणता येते.

तुपाची दुसरी एक कृती या विद्येत फार मोलाची आहे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घेऊन त्यात थंड पाणी घालावयाचे, तळव्याने किंवा तांब्याच्या भांड्याच्या बुडाने ते फेसाळेपर्यंत घोटावयाचे, वरचे पाणी टाकून नवे घालावयाचे, आणि असे शंभर वेळा करावयाचे. पिवळसर, रवाळ, वासाचे तूप हळूहळू पांढरे, निर्गंध आणि लोण्याहून मऊ होत जाते. यालाच शतधौत घृत म्हणतात, आणि चरकसंहितेत ज्वराच्या दाहावर सहस्र वेळा धुतलेल्या तुपाचा अभ्यंगही सांगितला आहे. ही वस्तू म्हणजे काय, हे आजच्या भाषेत सांगावयाचे तर तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकवून केलेले पायस. त्वचेवर पसरताच त्यातील पाणी उडू लागते आणि गारवा देते, तर तुपाचा थर खालचा ओलावा राखतो. कोणतेही यंत्र नाही, पायसीकारक म्हणून बाहेरचे कोणतेही द्रव्य नाही. केवळ तळहात, तांबे आणि सबुरी. भाजल्यावर, फुटलेल्या टाचांवर, आग होणाऱ्या डोळ्यांभोवती ते लावीत.

मलम हा शब्द मात्र आपला नव्हे, आणि त्याचा प्रवास मनोरंजक आहे. अरबी-फारसीतील मरहम हा शब्द मुसलमानी अंमलात हकिमांबरोबर आणि अत्तारांबरोबर दख्खनेत आला. येथे त्याचा मलम झाला. आणि योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथांत वैद्यांनी त्यालाच मलहर, म्हणजे मळ हरण करणारा, असे संस्कृत रूप देऊन आपल्या शास्त्रात मानाने बसविले. दुसऱ्याची उपयुक्त वस्तू घेताना तिला आपल्या घरचे नाव देण्याची ही रीत मला संकुचितपणाची वाटत नाही. ती आत्मसात करण्याची रीत आहे. बाजारपेठेच्या गावात अत्ताराचे दुकान म्हणजे राळ, मेण, मोरचूद, सिंदूर, मुरदाडशिंग, कापूर अशा जिनसांचे भांडार. राळेचा मलम तेथूनच घरोघर गेला. तेलात राळ वितळवून ते गरम मिश्रण पाण्यात ओतावयाचे आणि पाणी बदलीत घोटीत राहावयाचे, म्हणजे काळपट तेलाचा शुभ्र मलम होतो. राळेतील आम्ले पाण्याचे थेंब तेलात धरून ठेवण्यास साहाय्य करतात. पुण्याच्या आयुर्वेद संशोधनालयाचे कैलास जीवन महाराष्ट्रातील क्वचितच एखाद्या घरास अपरिचित असेल; खोबरेल, राळ, कापूर, चंदन, शंखजिरे यांचे ते पांढरे, थंड मलम याच घराण्यातले आहे. बोटावर घेतल्याबरोबर जो गारवा जाणवतो, तो धुतलेल्या तुपाच्या गारव्याचा सख्खा भाऊ होय.

युरोपातील वाटही फार निराळी नव्हती. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेले शीतल मलम पुढे सतराशे वर्षे चालले. त्याचा दोष एवढाच की त्यातील पाणी लवकर सुटे आणि तेल खवट होई. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने व्हॅसलिनचे पेटंट घेतले आणि कधीही खवट न होणारा आधार हाती आला; १८८२ साली जर्मनीत मेंढीच्या लोकरीवरील मेणापासून लॅनोलिन निघाले; आणि १९११ साली हँबुर्गला निव्हिआ क्रीम तयार झाले, तेही लोकरमेणातूनच काढलेल्या एका पायसीकारकाच्या बळावर. तिकडच्या रसायनज्ञांनी जे साधले ते नवीन औषध नव्हे, तर तेल आणि पाणी यांचा टिकाऊ संसार.

मुंबईने हा धडा लवकर गिरवला. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईतच अमृतांजन काढले. १९१९ साली इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला, आणि स्नो हा शब्द मराठी घरांतील फडताळात कायमचा जाऊन बसला. परंतु माझ्या दृष्टीने या परंपरेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे ते विको टर्मरिकचे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली परळ येथे विको कंपनी स्थापन केली, तेव्हा आरंभी दारोदार फिरून माल विकावा लागला. पुढे हळदीचे क्रीम करण्याचा घाट घातला गेला तेव्हा अडचण औषधाची नव्हतीच. हळद त्वचेस हितकर हे प्रत्येक नवरीला माहीत होते. अडचण होती हळद अंगाला पिवळी न फासता तिचा गुण मात्र कसा द्यावा, ही. तिचा अर्क चंदनतेलयुक्त क्रीममध्ये घालून ही अडचण सुटली. पण तेथेच दुसरी उभी राहिली. उत्पादन शुल्क खात्याने १९७८ साली असा पवित्रा घेतला की हे आयुर्वेदिक औषध नसून सौंदर्यप्रसाधन आहे, सबब त्यावर अधिक दराने कर द्यावा. तो वाद न्यायालयांतून दोन दशकांहून अधिक काळ चालला आणि अखेर कंपनीचा पक्ष ग्राह्य ठरला. हळदीचा गोळा तळहातावर असता तर त्याला प्रसाधन म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते; क्रीमचे रूप घेतल्याबरोबर त्याच्या जातीविषयी शंका उत्पन्न झाली. आधारद्रव्याचे सामर्थ्य केवढे असते, याचा हा सरकारी दफ्तरातील पुरावा होय.

आता कांद्याकडे परत येऊ. हळद तेलात मिसळते, राळ तेलात विरघळते, कापूरही तेलात जिरतो. कांद्याच्या रसाचे तसे नाही. कांद्यातील उपयुक्त द्रव्ये पुष्कळशी पाण्याच्या अंशात असतात, आणि ती स्थिरही नसतात. सुरी चालताच पेशी फुटतात, त्यांतील विकर गंधकयुक्त द्रव्यांवर तुटून पडते आणि क्षणार्धात नवी, उग्र, उडून जाणारी द्रव्ये तयार होतात; डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य त्यांपैकीच एक. चिरलेला कांदा थोड्या वेळाने काळवंडतो, रस आंबतो, त्यावर बुरशी धरते. क्वेर्सेटिन हे दाहशामक मानले गेलेले पिवळसर द्रव्य मात्र तुलनेने टिकाऊ असते, आणि ते सर्वाधिक आढळते बाहेरच्या कोरड्या पापुद्र्यांत. म्हणजे बाजार आवारात पायदळी जाणाऱ्या त्याच थरात. अशा पाणीदार, चंचल, दर्पयुक्त वस्तूला व्हॅसलिनमध्ये घालू गेल्यास रस वेगळा होऊन थेंबाथेंबाने वर येतो. तिला हवा होता असा आधार, जो स्वतः मुख्यतः पाणीच असेल आणि तरीही वाहून जाणार नाही.

तो आधार म्हणजे जेल. हा शब्द आणि कलिलांची कल्पना १८६१ च्या सुमारास टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनज्ञाने रूढ केली. वस्तू मात्र आपल्या अंगणातच होती. कोरफडीचा गर, भिजवलेला सब्जा, इसबगोल, जवसाचा चिकटा, बाभळीच्या डिंकाचे पाणी, ही सारी जेलचीच रूपे. लांबच लांब रेणूंचे धागे पाण्यात फुगतात, एकमेकांत गुंततात आणि पाण्याला जाळ्यात धरून ठेवतात. कोरफडीचा दोष असा की गर काढताच तो पातळ होऊ लागतो आणि दिवसा-दोन दिवसांत बिघडतो. घरगुती औषधाला तो चालून जाई, कारण झाड दारातच असे. दुकानात दोन वर्षे राहणारी नळी भरावयाची तर हे पुरेसे नव्हते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत कार्बोमर नावाचे बहुवारिक आले, आणि या विद्येत क्रांती झाली असे म्हणणे अवास्तव होणार नाही. ते पांढरे चूर्ण पाण्यात घातले तर आंबट, पातळ द्रव होतो. पण त्यात अल्कधर्मी थेंब घालून सामू सातच्या आसपास आणला की रेणूंवर सारखाच ऋण विद्युत्भार येतो, ते एकमेकांस दूर लोटतात, गुंडाळलेले धागे ताणून उलगडतात, आणि शेकडा अर्धा ते एक भाग चूर्णात सारे भांडे काचेसारख्या पारदर्शक जेलने भरून येते. याचे वैगुण्य असे की क्षार आणि आम्ल त्याला सोसत नाहीत. मिठाचा स्पर्श होताच जेल कोसळते. त्याच सुमारास पिओरिया येथील अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झँथन हा दुसरा डिंक शोधला, तो ज्या जिवाणूपासून मिळतो तो कोबीवर घाण्या रोग आणणारा. नाशिकच्या ज्या शेतकऱ्याने या रोगाने कोबीचे वाफे कुजताना पाहिले आहेत, त्याला हे ऐकून नवल वाटेल की त्याच जिवाणूचा चिकटा साखरेच्या पाण्यावर वाढवून आज मलमांत, दंतमंजनांत आणि खाद्यपदार्थांत वापरला जातो. झँथन क्षारांना व आम्लांना पुष्कळ दाद देत नाही, आणि त्याचा गुण असा की स्थिर असता घट्ट, चोळताच पातळ, हात थांबताच पुन्हा घट्ट.

कांद्याच्या अर्काला हाच सोबती लाभला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०८ साली स्थापन झालेल्या मेर्झ कंपनीने व्रण भरून आल्यावर राहणाऱ्या उंच, कठीण वणांसाठी कांद्याच्या अर्काचे जेल काढले. त्याच्या एका ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम कांद्याचा अर्क, ५० एकके हेपॅरिन आणि १० मिलिग्रॅम ॲलंटॉइन असते. त्याच कंपनीचे मेडर्मा हे दुसरे जेल नंतर अमेरिकेत आले. त्याच्या मूळ घडणीत कांद्याच्या अर्काबरोबर झँथन डिंक, पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ॲलंटॉइन आणि बुरशी रोखण्यासाठी परिरक्षके आहेत. आज मुंबई-पुण्याच्या औषधाच्या दुकानांतही कांद्याच्या अर्काची जेल मिळतात. त्यांचा गुण किती, याबाबत सत्य सांगितले पाहिजे: काही चाचण्यांत वण मऊ व फिकट झाल्याचे आढळले, तर काहींत हे जेल साध्या पेट्रोलियम मलमाहून सरस ठरले नाही. जेथे नुसता आधारच औषधाच्या बरोबरीने काम करतो, तेथे आधाराला गौण म्हणणाऱ्यांनी थांबून विचार करावा.

जेल आणि क्रीम यांचा संकर ही या प्रवासातील पुढची पायरी. नुसते जेल तेलकट द्रव्य सामावून घेत नाही, आणि नुसते क्रीम काही महिन्यांत फुटू लागते. पायसातील तेलाचा थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास निम्मा केला की वेग चौथाई होतो, आणि भोवतालचा द्रव घट्ट केला की तो त्या मानाने आणखी घटतो. म्हणून थेंब बारीक करावयाचे आणि त्यांच्याभोवती जेलचे जाळे विणावयाचे, म्हणजे थेंब जेथल्या तेथे अडकून राहतात. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे असे जेलक्रीम आणले. त्यात शेकडा १.१६ भाग औषध, कार्बोमरचे जाळे, त्यात अडकलेले तेलाचे थेंब आणि औषध आत ढकलणारे अल्कोहोल अशी रचना होती. दिवसभर गोण्या उचलणाऱ्या माथाडी कामगाराच्या पाठीवर आणि कांदे निवडून निवडून आखडलेल्या बाईच्या मनगटावर रात्री जी नळी पिळली जाते, ती बहुधा याच जातीची असते. ते औषध खाली उतरावे म्हणून जी अडसर ओलांडावी लागते, ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींचा शृंगस्तर, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढा पातळ; पण तेवढ्या भिंतीतून सुमारे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा जात नाही.

अशी वस्तू टिकते की नाही हे पाहण्यासाठी कारखाने ती ४० अंश उष्णतेत आणि शेकडा ७५ आर्द्रतेत सहा महिने ठेवतात, गोठवतात, वितळवतात, आणि पाणी सुटले का, रंग फिरला का, सामू ढळला का, हे तपासतात. निफाड तालुक्यात निसर्ग हीच परीक्षा फुकट घेतो. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद वारंवार निफाडच्या नावावर पडते, आणि वैशाखात पारा चाळिशीला जाऊन टेकतो. घराच्या कोनाड्यातील मलमाची डबी जर एका वर्षात या दोन्ही टोकांतून तरून निघाली, तर तिच्या कर्त्याने आपले काम चोख केले आहे असे खुशाल समजावे.

या कथेला लासलगावातच एक अनपेक्षित जोड मिळाली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी येथे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, म्हणजेच कृषक, उभारले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे एवढी अल्प मात्रा दिली की कांद्याला कोंब फुटत नाहीत. २००७ साली अमेरिकेला आंबा रवाना झाला तो याच केंद्रातून किरण घेऊन. आणि हेच गॅमा किरण, सुमारे तीनशेपट मात्रेत, ट्रॉम्बे येथे निराळे काम करतात. पोलंडमधील यानुश रोझियाक यांनी दाखविलेल्या वाटेने भाभा केंद्राने जळलेल्या जखमांसाठी हायड्रोजेल पट्टी सिद्ध केली: पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या पाणीदार द्रावणावर किरण पडले की त्याचे धागे एकमेकांस सांधले जातात, द्रवाची पारदर्शक, लवचीक चकती होते, आणि त्याच एका मात्रेत ती निर्जंतुकही होते. परिरक्षक नको, पायसीकारक नको. जखमेवर ठेवली की थंडावा देते आणि काढताना नवी त्वचा ओढून आणीत नाही. सुश्रुताने वाळलेल्या लेपाच्या पीडेविषयी जी तक्रार नोंदवली होती, तिचे निवारण या चकतीने केले.

हळदीच्या पेटंटचे प्रकरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. हळदीचा उपयोग कोट्यवधी आज्यांना ठाऊक होता, पण त्यांच्या तोंडच्या शब्दाला तेथे किंमत नव्हती. ३२ लेखी संदर्भ सादर झाले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय शोधनिबंधही होता, तेव्हा १९९७ साली पेटंट रद्द झाले. संस्कृतात जे लिहिले गेले होते ते वाचले. निखाऱ्यावर भाजलेल्या कांद्यात किती तूप, हळद किती चिमूट, चिंधी किती वेळ, आणि तूप नसेल तेव्हा एरंडेल की खोबरेल, हे मात्र कोणत्याही ग्रंथात नाही.

म्हणून निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतील घरांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या घरी अजून असे हात आहेत, त्यांनी एक वही करावी; औषधाचे नाव तर लिहावेच, पण त्याहून आधी ते कशात कालवले, किती कालवले, कोणत्या भांड्यात, किती दिवस टिकले आणि कशाने बिघडले, हे मापासकट लिहावे, आणि त्याखाली तारीख घालावी.